सहीच्या जागी ‘फोनवरून’

अक्का फोनवर बोलायला लागल्या की उभ्या राहत. नुसत्या उभ्या नव्हे, आधी हात धूत, पुसत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेत आणि मग रिसीव्हर उचलत. एवढं होईपर्यंत घंटा वाजून वाजून थकायची आणि पलीकडच्याचा जीव जायचा. फोनच्या कोनाड्याखाली एक चांगली वेताची खुर्ची होती. तिच्यावर मी बसे, मांजर बसे, अक्का कधी बसल्या नाहीत. एकदा मी विचारलंच, तर म्हणाल्या, “तिकडचा माणूस दिसत नाही म्हणून काय तो आलाच नाही होय गं? दारात आलेल्याशी कोणी बसून बोलतं का?” मी खुर्चीतून उठले आणि मांजराला बसू दिलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी नागपूरहून बंगळूरला आले आणि मल्लेश्वरमला अक्कांच्या माडीवर भाड्यानं राहू लागले. माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनीअर. पहाटे कारखान्याची बस त्याला घेऊन जाई ती संध्याकाळी आणून सोडी. मी बी.कॉम., मला टायपिंग येत होतं, कन्नड येत नव्हतं आणि दिवसभर करायला काही नव्हतं. खाली अक्का एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी धारवाडला सासरी. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून बंगळुरात, त्यामुळे मराठीत कन्नड असं मुरलेलं की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ‘थोडं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही, कायम ‘स्वल्प’. मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं. “ए नागपूर, स्वल्प खाली ये,” अशी हाक आली की ओळखायचं, काहीतरी इंग्रजीतलं उभं ठाकलंय.

अक्का डबे करत. मल्लेश्वरम आणि जयनगरमधल्या ज्या म्हाताऱ्या माणसांची मुलं अमेरिकेत, त्यांच्यासाठी. याची सुरुवात झाली गोविंदण्णांपासून. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे, ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, काटकुळे, ताठ गृहस्थ. बायको गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दारच लावून टाकलं आणि चुरमुरे, केळी आणि कॉफी यांवर दिवस काढू लागले. त्यांचा एकुलता मुलगा विजय अमेरिकेत. तो वडिलांना पैसे पाठवी, वडील ते बँकेत टाकत आणि पुन्हा चुरमुरे खात. शेवटी विजयनं अक्कांना फोन करून गळ घातली, की तुम्ही दोन वेळचा डबा द्या, पैसे मी परस्पर तुम्हाला देतो, अण्णांच्या हातात दिले तर ते जेवणार नाहीत. अक्कांनी डबा दुसऱ्याच दिवशी सुरू केला. पैशांचं मात्र घोडं अडलं. अमेरिकेहून ड्राफ्ट यायला महिना लागे, एक ड्राफ्ट तर टपालातच गहाळ झाला. मग विजय म्हणाला, माझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे, मी नंबर सांगतो, तुम्ही त्यातून घ्या. अक्कांनी हाक मारली, “ए नागपूर.”

तेव्हा कार्ड म्हणजे महात्मा गांधी रोडवरच्या मोठ्या दुकानांचा कारभार. काउंटरवर एक लोखंडी यंत्र असे. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची तिपेडी स्लिप ठेवायची आणि दांडा खटकन इकडून तिकडे ओढायचा, की कार्डावरचे उठावाचे आकडे स्लिपवर उमटत. मग गिऱ्हाईक सही करणार आणि दुकानदार ती स्लिप बँकेत भरणार. मी हे सगळं अक्कांना समजावून सांगितलं आणि म्हटलं, आपल्याला जमायचं नाही. ना दुकान, ना यंत्र, ना समोर गिऱ्हाईक. अक्कांनी ऐकून घेतलं, स्वल्प विचार केला आणि म्हणाल्या, उद्या बँकेत जाऊ.

बँकेच्या कार्ड खात्यात एक टायवाला तरुण अधिकारी होता. बोलायला गोड, पण द्यायला काही नाही अशातला. तो कन्नडमध्ये अतिशय नम्रपणे सांगत होता, की अम्मा, दुकान असल्याशिवाय मशीन देता येत नाही. अक्कांनी त्याला तीनदा बोलू दिलं. मग म्हणाल्या, मशीन मागितलंय कोणी? कार्ड अमेरिकेत, मशीन इथे, त्याच्यावर मी काय ओढू, पोळपाट? तो हसला आणि तिथेच फसला. मी संधी साधून विचारलं, की मोठी हॉटेलं परदेशातल्या पाहुण्यांकडून खोल्यांचे पैसे कसे घेतात? त्यानं कबूल केलं, की आहे तशी पद्धत. आकडे स्लिपवर हातानं लिहायचे, बँकेच्या केंद्राला फोन करून मंजुरीचा क्रमांक घ्यायचा आणि सहीच्या जागी लिहायचं, की ऑर्डर फोनवरून आली. पण त्यात जोखीम फार. उद्या गिऱ्हाईक म्हणालं, मी हे पैसे दिलेच नाहीत, तर बँक ते तुमच्या खात्यातून परत घेणार. अक्का म्हणाल्या, “जोखीम माझी, मग तुमचं काय जातंय? द्या की.” त्यासाठी त्यांना एक ठेव तारण ठेवावी लागली. ती त्यांनी ठेवली. चार खेपा झाल्या, पण स्लिपांचं कोरं पुडकं घेऊनच आम्ही संपिगे रोडवर उतरलो.

आता यात एक गोष्ट झाली, तिच्यावरून पुढे रामायण घडलं, म्हणून सांगते. कार्डाचे पैसे जमा व्हायला धंद्याचं खातं लागतं. अक्कांच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं होतं, पण खात्यावर अक्कांचंही नाव असल्यानं ते खातं त्यांनी चालूच ठेवलं होतं. ‘मोटर पार्ट्स’नं संपणारं त्या दुकानाचं नाव, त्याचा रबरी शिक्का, सगळं जागच्या जागी. नवीन खातं कशाला, आहे ते वापरू, असं त्या म्हणाल्या. मला ती काटकसर वाटली. शाईचं पॅडसुद्धा जुनंच होतं, त्यात पाणी घालून ठसा उठवायचा.

सकाळी कुकर लावायच्या आधी अमेरिकेचे फोन येत, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ. विजयचं पाहून दुसरे आले, त्यांचं पाहून तिसरे. अक्का उभ्या राहून आकडे लिहून घेत, चार-चारच्या गटात मोठ्यानं परत म्हणून दाखवत आणि त्या वेळी कामवालीला बाहेर अंगणात पाठवत. मग बँकेच्या केंद्राला फोन. तिथली मुलगी इंग्रजीत रक्कम विचारी, अक्का आधी तिला “तिंडी आय्ता?” म्हणजे न्याहारी झाली का ते विचारत. झाली नाही म्हणाली तर तिला आधी चार शब्द ऐकवत आणि मग मंजुरीचा क्रमांक घेत. भरलेल्या स्लिपा ठेवायची जागा होती देव्हाऱ्याखालचा खण. लोकांचे आकडे म्हणजे लोकांची तिजोरी, तिथे पारोशा हातानं कोणी जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मलासुद्धा आंघोळ झाल्याशिवाय तो खण उघडायची परवानगी नव्हती. बँकेत स्लिपा भरल्या की काउंटरवरचा कारकून त्या नाकाशी नेई. कापूर आणि अष्टगंधाचा वास येणारी स्लिप त्याच्याकडे फक्त आमचीच येत असणार.

दिसायला हे सगळं गमतीचं होतं, पण अक्कांना त्यात गंमत वाटत नसे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, की आता बरं झालंय, पोरांनी तिकडून आकडे सांगायचे आणि बाप इकडे जेवायचा, ही नवी पितृसेवा. लोक हसले. गोविंदण्णा तिथेच होते, ते हसले नाहीत. अक्कांनी द्रोणात प्रसाद भरता भरता काकांना विचारलं, तुमचा मुलगा तर तुमच्याच घरात असतो, काल जेवलात का म्हणून त्यानं विचारलं का? आणि प्रसादाचा द्रोण काकांना सगळ्यात मोठा दिला. घरी येताना मात्र मला म्हणाल्या, “पैसे देणं म्हणजे काहीच न करणं, असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी कधी कुणाला दिलेले नसतात.”

वर्ष सुरळीत गेलं. मग एक दिवस पासबुक भरून आणलं, तर विजयचे तीन महिन्यांचे पैसे बँकेनं परत काढून घेतलेले. आम्ही तडक कार्ड खात्यात. टायवाल्या अधिकाऱ्यानं फाइल काढली आणि गंभीरपणे सांगितलं, की गिऱ्हाईकाची तक्रार आहे, त्यांनी बंगळूरमध्ये गाडीचे भाग विकत घेतलेले नाहीत. अक्का माझ्याकडे पाहायला लागल्या. मला आधी समजलं आणि मी तोंडाला पदर लावला. घडलं होतं ते असं. विजयचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको मुंबईची, चोख, हिशोब तिच्याकडे आलेला. विजय कामासाठी महिनाभर दुसऱ्या शहरात. कार्डाच्या हिशोबात दर महिन्याला बंगळूरचं मोटर पार्ट्सचं दुकान. तिनं डोकं चालवलं, की सासऱ्यांकडे तर सायकलसुद्धा नाही, म्हणजे कार्डाचा नंबर कुणीतरी चोरला. तिनं तक्रार केली, कार्ड बंद केलं आणि शाबासकीची वाट पाहत बसली.

विजयचा फोन आला तो माफीनं सुरू झाला आणि माफीवर संपला. मध्ये ती मुलगीही बोलली, रडायच्या बेताला आलेली. अक्का तिच्यावर रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, हिशोबी आहेस, घर राखशील. मला कळेना, की अमेरिकेतल्या सगळ्या पोरांना अक्का माहीत, डबा माहीत, लोणचं कुठलं तेही माहीत, मग दुकानाचं नाव कुणालाच कसं माहीत नव्हतं? पण ‘अक्का’ म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं नाव विचारतो कोण? मी स्वतः दीड वर्ष त्यांच्या माडीवर राहत होते आणि भाड्याच्या पावतीवर ‘अक्का’ एवढंच लिहीत होते.

तक्रार मागे घेतली गेली, पैसेही येणार होते. पण बँक आता सावध झाली होती. अधिकाऱ्यानं बजावलं, की आम्हाला वरून विचारणा झाली आहे, यापुढे माल पोचल्याचा पुरावा लागेल. रोज जो जेवण घेतो त्याची कागदावर सही घ्या, महिन्याच्या शेवटी ते कागद इथे आणा. सह्या नसतील तर फोनवरून कार्ड घेण्याची तुमची सोय बंद. सोय बंद म्हणजे डबे बंद, कारण बाकीच्या म्हाताऱ्यांची गोष्टही गोविंदण्णांसारखीच होती. पैसे हातातून जाताना दिसले असते तर एकानंही जेवण घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नाइलाजानं मी छापील कागद घेऊन गोविंदण्णांकडे डबा पोचवायला गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, टेबलावरून पेन आणलं आणि अतिशय सुंदर अक्षरात सही केली. मग डबा जसाच्या तसा माझ्या हातात परत दिला. शांतपणे म्हणाले, “सही करून जेवण दवाखान्यात मिळतं, तुरुंगात मिळतं. मी अजून माझ्या घरात आहे, बाळ.” आणि दार लावून घेतलं. मी तो जड डबा घेऊन परत आले तेव्हा अक्का पोळ्या लाटत होत्या. डब्याच्या वजनावरूनच त्यांना कळलं असावं, कारण मी काही सांगायच्या आत त्यांनी गॅस बंद केला. कागद माझ्याकडून घेतला, चारदा घडी केली आणि कचऱ्यात टाकला. मग ताजा मऊ भात, मेतकूट आणि तूप असं वेगळं ताट वाढून घेतलं, वर केळीचं पान झाकलं आणि स्वतः गेल्या. तासाभरानं आल्या, तेव्हा ताट रिकामं होतं.

“उद्या स्वयंपाक लवकर करायचा,” एवढंच म्हणाल्या. “बँकेत बसायला लागेल.”

सकाळी नऊलाच सगळे डबे नेहमीच्या ऑटोवाल्याबरोबर रवाना झाले आणि आम्ही बँक उघडताना दारात हजर. अक्का त्या दिवशी जरीकाठी नेसल्या होत्या. अधिकारी नियम सांगत होता, अक्का ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर त्यांनी विचारलं, पैसे कुणाचे? कार्डवाल्याचे. मी दिलेच नाहीत असं उद्या कोण म्हणेल? कार्डवाला. मग सही त्याची घ्या ना, जेवणाऱ्याची कशाला? एकदाच लिहून घ्या, की या बाईनं दर महिन्याला इतके पैसे घ्यावेत, कशाबद्दल ते मला ठाऊक आहे, माझी हरकत नाही. अधिकारी म्हणाला, पण जेवण पोचलं की नाही हे आम्हाला कसं कळणार? अक्का म्हणाल्या, “बाप उपाशी राहिला तर ते मुलाला आधी कळेल की तुम्हाला?”

तो आत गेला. बाहेर आला तो म्हणाला, साहेब कामात आहेत, उद्या या. अक्का म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, मी बसते. आणि बसल्या. दुपार झाली. शिपायानं त्यांना दोनदा कॉफी आणून दिली, त्यांनी त्याच्या मुलांची चौकशी केली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कारकून उठून गेले तरी त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. मी कुजबुजले, अक्का, उद्या येऊ की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्समधला पेरू काढून निमूट खायला लागले. चार वाजता मोठे साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान्य केलं. अट दोन गोष्टींची घातली. एक, प्रत्येक कार्डवाल्याचा सहीचा कागद महिनाअखेरपर्यंत बँकेत यायला हवा. दोन, हिशोबात ‘मोटर पार्ट्स’ येता कामा नये. धंद्याचं खातं नव्या नावानं उघडा, जुनं बंद करा.

पहिली अट ऐकून अक्का उजळल्या होत्या. दुसरी ऐकल्यावर त्यांनी पिशवीतला जुना रबरी शिक्का काढून पदरानं पुसला. तेव्हा कुठे मला कळलं, की ते जुनं खातं, तो शिक्का, ते पाणी घातलेलं पॅड ही काटकसर नव्हती. त्या नावानं स्लिपवर ठसा उठवताना अक्का रोज नवऱ्याचं दुकान उघडत होत्या. मला भरून आलं. अक्का म्हणाल्या, बंद करते. नवं नाव काय, असं फॉर्मवर लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगितलं, “अक्कांचा डबा.” कारकून म्हणाला, अम्मा, तुमचं नाव? त्या म्हणाल्या, ते माझ्या मुलीलासुद्धा आठवावं लागेल, हेच लिहा.

मग आमची खरी धावपळ सुरू झाली. इंग्रजी मजकूर मी टाइप केला. अक्कांनी तो मराठीत करून घेऊन ऐकला आणि त्यातला ‘आवश्यक सेवा’ हा माझा शब्द काढायला लावला. जेवण म्हण, म्हणाल्या. आठव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीतल्या, एसटीडी बूथमधून आम्ही तो अमेरिकेत फॅक्स करायचो आणि सहीचा कागद परत यायची वाट पाहत त्या काचेच्या खोलीत घामाघूम उभ्या राहायचो. फॅक्सचा गुळगुळीत कागद यंत्रातून वळवळत बाहेर येई, खाली सही. कुणी सहीखाली ओळ लिहून पाठवी, आईला गोड देऊ नका, बाबांना भात मऊ लागतो. जयनगरच्या एका बाईंच्या मुलानं कळवलं, मी असलं काही लिहून देणार नाही. अक्कांनी त्याला सकाळी फोन लावला, स्वतःच्या खर्चानं, आणि विचारलं, बाबा, विश्वास माझ्यावर नाही की कागदावर? तो म्हणाला, कागदावर. मग त्या कागदावर माझ्याबद्दल काय हवं ते लिही आणि खाली सही कर, म्हणाल्या. त्यानं खरंच पानभर लिहून पाठवलं. महिनाअखेरीला सगळे कागद बँकेत गेले आणि जेवणाऱ्यांपैकी एकालाही पेन धरावं लागलं नाही.

त्यानंतर आम्ही तीन-चार वर्षं त्या घरात होतो. डबे वाढत गेले, मीही हळूहळू कन्नड शिकले आणि अक्कांच्या फोनशेजारी माझं एक टेबल आलं. पुढे नवऱ्याची बदली पुण्याला झाली. तिथे मी एका प्रवासी कंपनीत फोनवरून बुकिंग घ्यायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारणीनं विचारलं, तू उभी राहून काय बोलतेस? आता अक्का नाहीत. मल्लेश्वरमच्या त्या घराच्या जागी चार मजले आलेत, असं ऐकते. त्यांचं काय काय सांगू? पण बंगळूर सोडायच्या आधीचा एक दिवस सांगितल्याशिवाय मला त्यांच्याबद्दल काही सांगितलं असं वाटणार नाही.

गोविंदण्णा गेले. रात्री जेवले, डबा घासून पालथा घातला, सकाळी उठले नाहीत. विजयला कळवलं. त्याची तिकडे कायमचं राहण्याची कागदपत्रं अडकलेली. त्या दिवसांत देश सोडला असता तर परत पाय ठेवता आला नसता, आणि बायकोला सातवा महिना. तो येऊ शकला नाही. क्रियाकर्माला धारवाडहून पुतण्या आला. गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच, की एकुलता मुलगा आणि खांदा द्यायला नाही. मी ते ऐकलं, अक्कांनीही ऐकलं.

नवव्या दिवशी सकाळी विजयचा फोन आला. अक्का उभ्या होत्या, मी टेबलाशी. त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. तो म्हणाला, तेराव्याचं सगळं जेवण तुम्ही करा, अण्णांच्या ओळखीतलं एकही माणूस राहू देऊ नका, आणि कार्डाचा नंबर लिहून घ्या. मी खणाकडे हात नेला. त्याचा नंबर, त्याची सही, सगळं आमच्याकडे होतंच. अक्कांनी मान हलवून मला थांबवलं आणि पेन घेतलं. “सांग बाळा,” म्हणाल्या. तो चार आकडे म्हणाला आणि थांबला. अक्कांनी ते परत म्हटले. पुढचे चार सांगताना त्याचा आवाज गेला. अक्का थांबून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, राहू दे म्हणाल्या नाहीत. तो सावरला, पुढचे सांगितले, शेवटचे सांगितले. मग अक्कांनी माणसं किती, गोड काय, केळीची पानं, आचाऱ्याचे मदतनीस असं सगळं धरून पूर्ण रक्कम सांगितली. त्यातून एक रुपया कमी केला नाही. तो म्हणाला, हो अक्का. त्यांनी लगेच बँकेला फोन लावून मंजुरी घेतली.

मला ते लागलं. इतकी वर्षं ज्या माणसाला रोज जेवू घातलं त्याच्या तेराव्याचे पैसे घ्यायचे? निदान हे एक जेवण अक्का आपल्याकडून घालतील असं मी धरून चालले होते. स्लिप खणात ठेवताना मी ते बोलून दाखवलं. अक्का खुर्चीवरून मांजराला उठवून तिथे बसल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“मी घातलं असतं तर अख्ख्या मल्लेश्वरमनं मला चांगलं म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “मग ते जेवण माझं झालं असतं गं. त्याच्या हातात दुसरं काही राहिलेलं नाही. ते तरी त्याचं त्याला राहू दे.”

तेराव्याला पंगत बसली. गल्लीतली झाडून सगळी माणसं होती, कुजबुजणारीही होती. धारवाडचा पुतण्या नवा, त्याला काय बोलावं ते समजेना. पानं वाढून झाली, तूप पडलं, लोक हात जोडून यजमानाच्या शब्दाची वाट पाहू लागले. अक्का पंगतीच्या मधोमध आल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “विजयनं वाढलंय. सावकाश होऊ द्या.”